सानिबुगूचा रस्ता

२ ऑक्टोबर
नगराध्यक्षपदाचा अर्ज भरला. राजधानीत, बामाकोला पाच वर्षं संसदेत बसले, तिथं पहिल्या दिवशीही एवढी धडधड झाली नव्हती. तिथं मला कुणी ओळखत नव्हतं. इथं कोन्योबलात मी नाक पुसायला शिकले नव्हते तेव्हापासून सगळे मला ओळखतात.

प्रचाराचं सगळं झुमाना कुलिबालीच्या हाती दिलंय. कुलिबाली आणि आम्ही तांगारा यांचं थट्टेचं नातं, खापरपणज्यांपासूनचं. त्यानं काहीही बोलावं, मी रागवायचं नाही. मी काही बोलले तर त्यानं रागवायचं नाही. बाजारात हातगाडीवर उभा राहून म्हणाला, "लोकहो, विचार करा! ही चवळीखाऊ बाई निवडून आली तर वर्षभरात गावात चवळीचा दाणा शिल्लक राहणार नाही!"

मी खालून ओरडले, "हा माझा गुलाम. आजोबांनी विकत घेताना दात तपासायचे राहून गेले, तेव्हापासून बडबडतोय."

लोक पोट धरून हसले. एक म्हातारी म्हणाली, जी बाई कुलिबालीचं ऐकून घेते ती आमचंही ऐकून घेईल. झुमानाचा हिशेब असाच असतो.

एकच गोष्ट टोचते. आई अजून बसथांब्यावर, कडुनिंबाखाली, चवळीचे वडे तळायला बसते. आज तिला पुन्हा म्हटलं, "आई, आता तरी पुरे कर. लोक म्हणतील, लेक राज्य करायला निघाली आणि आईला धुरात बसवलंय."

"दक्षिणेची गाडी चारला येते," ती म्हणाली. "तेल तापायला वेळ लागतो."

झालं. एवढंच. चाळीस वर्षांहून अधिक ती तिथं बसतेय. गिऱ्हाईक समोर उभं असलं तरी आधी गाडीतून उतरणाऱ्या बायांकडे एकेक करून बघून घेते, मग वडा कागदात बांधते. धंद्याची नजर, दुसरं काय.

६ ऑक्टोबर
नदीकाठच्या वाड्यांतून फिरलो. प्रसूतिगृहाचं छप्पर दोन पावसाळ्यांपासून उडालेलंच आहे. बाया छत्रीखाली बाळंत होतात. मी निवडून आले तर पहिलं काम हे, असं सांगून आले. सांगताना मला माझंच बोलणं खरं वाटलं. असं फार वेळा होत नाही.

११ ऑक्टोबर
हाजी बुरामानं काय केलंय बघा. हाजी म्हणजे तांदळाचा व्यापारी, माझ्याविरुद्ध उभा आहे. गावचा रेडिओ त्याच्याच पैशावर चालतो, तिथं त्यानं माझी कादंबरी वाचायला लावलीय. रोज संध्याकाळच्या नमाजानंतर एक मास्तर फ्रेंच पुस्तक समोर धरून आमच्या बंबारा भाषेत सांगत जातो. सुरुवातीलाच म्हणाला, "सितान तांगारानं आपल्या घराबद्दल स्वतःच्या हातानं काय लिहिलंय ते ऐका."

'एक पोतं बाजरी' बामाकोत छापली गेली, पॅरिसमध्ये चार लोकांनी वाचली, इथं कुणालाही माहीत नव्हती. तिच्यातली बाई दुष्काळाच्या साली, नवरा कामाच्या शोधात परदेशी गेलेला असताना, पाच वर्षांची मुलगी एका ट्रकवाल्या जोडप्याला देऊन टाकते. ते दक्षिणेला, समुद्राकडे निघालेले. मोबदल्यात एक पोतं बाजरी. मग ती घरामागं एक लहानशी कबर करते आणि सांगते, पोर गोवरानं गेली.

ही कहाणी मी रचली. कशावरून? आमच्या घरामागं, शेताच्या कडेला शिया झाडाखाली, माझ्या थोरल्या बहिणीची कबर आहे. न्येले तिचं नाव. ती खरोखर गोवरानं गेली, मी जन्मायच्या आधी, दुष्काळात. त्या साली पुरायला पुरुष माणसं उरली नव्हती, म्हणे, बायकांनीच पुरलं. वडील परतले तेव्हा मातीचा उंचवटा तेवढा दिसला. ते मरेपर्यंत दर शुक्रवारी तिथं जाऊन दुआ मागत. आई कधी गेली नाही. ते तिकडे निघाले की ती आत वळायची. मी त्या उंचवट्याकडे बघत मोठी झाले आणि एके दिवशी मनात आलं, आत कुणी नसलं तर? बाकी सगळं त्या एका प्रश्नातून आलं.

हे गावाला कसं समजावणार? झुमाना म्हणाला, "तुला कुणी सांगितलं होतं लिहायला? आमच्या कुलिबालींत बघ, कुणाला अक्षर येत नाही, म्हणून आमची घरं स्वच्छ."

१३ ऑक्टोबर
नळावर आईला कुणी हाक मारली नाही. पूर्वी तिच्यासाठी रांग वाकडी व्हायची. वडेही परत आले, निम्म्याहून जास्त.

छोटी आई कोरोतुमु (वडिलांची धाकटी बायको, माझ्या जन्मानंतर घरात आली) भडकलीय, पण निराळ्याच कारणानं. "दोन दिवस कान लावून बसले. मी कुठाय पुस्तकात? एकाच बायकोचा नवरा दाखवलास? मी काय भिंतीला टांगलेली होते?"

"कादंबरी आहे ती, छोटी आई. खोटं असतं सगळं."

"खोटंच लिहायचं होतं तर मला दोन सोन्याची कर्णफुलं घालायची होतीस."

मी हसले. आई हसली नाही. ती रेडिओ मांडीवर घेऊन बसली होती, तान्हं मूल घ्यावं तसा. मी बंद करायला गेले तर तिनं माझा हात बाजूला केला.

१७ ऑक्टोबर
आज आईनं आयुष्यात पहिल्यांदा माझ्या लिखाणाविषयी विचारलं. मी उकड आणि भेंडीची आमटी वाढत होते.

"त्या मुलीच्या कमरेला कप बांधलेला, असं मास्तर म्हणाला."

"हो. निळा, पत्र्याचा."

"काठ उडालेला."

"हो, काठ उडालेला."

"हे तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही, आई. मी बनवलं. वाचणाऱ्याला मुलगी दिसावी म्हणून एखादी वस्तू द्यावी लागते हातात. तसले कप तेव्हा घरोघर असतीलच."

तिनं ताट बाजूला सरकवलं. हे लिहिताना मला एक जुनी गोष्ट आठवतेय. सहा-सात वर्षांची असताना मला ताप भरला होता. आई कपाळावर ओलं फडकं ठेवत काहीतरी लांबलचक बोलत होती, माझ्याशी नव्हे. शब्द आठवत नाहीत. फक्त तो आवाज, आणि आपण हे ऐकायचं नसतं असं वाटलेलं. कादंबरीतल्या त्या बाईला मी तोच आवाज दिलाय. आईपासून मी किती घेतलं, आणि तिला बदल्यात काय मिळालं? नळावरचा अबोला.

काहीही करून तिचं नाव धुऊन काढायला हवं. निवडणूक गेली तरी चालेल.

(खोटं. चालणार नाही. पण दोन्हींत आधी तिचं नाव, हे खरं.)

२० ऑक्टोबर
शेवटचं प्रकरण वाचून झालं. मुलगी सरहद्दीपलीकडे सानिबुगू नावाच्या गावात तापानं मरते. ट्रकवाला तिला नेरेच्या झाडाखाली पुरतो. मास्तरांनी चांगलं वाचलं, हे कबूल करायला हवं. कोरोतुमु पदराचं टोक तोंडात घालून रडत होती.

आई रडली नाही. म्हणाली, "ती मेली असं कशाला लिहिलंस?"

"शेवट हवा होता ना, आई. ती परत आली असती तर लोकांना खरं वाटलं नसतं."

"सानिबुगू कुठं आलं?"

तिनं विचारावं याचंच मला इतकं अप्रूप वाटलं की पुस्तकात नाही तेही सांगत बसले. सरहद्द ओलांडली की डांबरी रस्ता संपतो, मग लाल मातीचा. एक नदी लागते. नदीच्या अलीकडेच गाव, फार मोठं नाही. गावाबाहेर नेरेचं झाड, वीज पडून अर्धं जळालेलं, पण दुसऱ्या अर्ध्याला शेंगा धरतात. आई मान डोलावत ऐकत होती. लहानपणी मी अशी तिच्याकडून गोष्टी ऐकायचे. आज पारडं फिरलं. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. तिच्या कधीच नाही.

२१ ऑक्टोबर
एक चांगली बातमी. आई आज थांब्यावर गेली नाही. कढई पालथी घालून अंगणात बसली होती. चारला दक्षिणेच्या गाडीचा भोंगा वाजला, तिनं मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. म्हटलं, "तेल नाही तापवलं आज?"

"आता काय करायचंय," ती म्हणाली.

शेवटी ऐकलं तिनं माझं.

२२ ऑक्टोबर
आजही नाही गेली. बरं झालं. खात मात्र नाही.

२४ ऑक्टोबर
रेडिओवर जाऊन आले. हाजीनं वेळ द्यायला खळखळ केली, पण झुमानानं दारात ठाण मांडलं आणि हाजीच्या सात पिढ्यांचा उद्धार करायला सुरुवात केली, तेव्हा दार उघडलं.

मी म्हणाले, कादंबरी ही कल्पना असते. माझ्या आईनं, तेनिननं, कुणालाही कुठं दिलेलं नाही. माझी बहीण न्येले गोवरानं वारली आणि आमच्या घरामागं पुरलेली आहे. येत्या शुक्रवारी इमामसाहेब तिथं दुआ मागतील. ज्याला शंका असेल त्यानं यावं, आणि आल्यावर आईची माफी मागावी.

कल्पना माझीच. घरी आले तर आई दारात उभी. तिनं ऐकलं होतं.

"कबरीवर कशाला नेतेस सगळ्यांना?"

"तुझ्यासाठी, आई. नळावरच्या त्या बायांची तोंडं कायमची बंद होतील."

"माझ्यासाठी नको."

"तुला दुःख होईल, कळतंय मला. इतकी वर्षं तू तिकडे पाऊल टाकलं नाहीस. पण एकदाच. मी हात धरते."

ती आत गेली. थोड्या वेळानं आतूनच म्हणाली, "येईन."

२८ ऑक्टोबर
झालं. व्यवस्थित झालं, असंच म्हणायला हवं.

निम्मं गाव आलं होतं. हाजीसुद्धा, नवा कडक इस्त्रीचा पायघोळ बुबू घालून. शिया झाडाखाली जागा साफ केली होती. आई पांढऱ्या कपड्यांत, माझा हात धरून. तिचा हात गार होता. बाया पुढं येत नव्हत्या, कुजबुज चालली होती, आणि इमामसाहेबांनी हात उचलले एवढ्यात झुमाना पुढं झाला आणि त्या उंचवट्यावर सरळ आडवा पडला. आमच्यात हे चालतं. थट्टेच्या नात्यातला माणूस मयतीलाही वाट अडवतो, त्याचा तो हक्कच.

"थांबा!" तो ओरडला. "आधी माझं चवळीचं पोतं! या तांगारा लोकांचा काय भरवसा? पोर विकून चवळी खाल्ली असेल आणि इथं धोंडा पुरला असेल! पोतं आणा, नाहीतर उकरून दाखवतो!"

लोक आधी दचकले, मग असे हसले! पंधरा दिवस घशात अडकलेलं सगळं एकदम बाहेर पडावं तसे. त्यानं मुद्दामच केलं. जी गोष्ट कुजबुजत होते ती मोठ्यानं थट्टेत सांगितली की तिचं विष उतरतं, हे त्याच्याइतकं कुणाला कळतं! मला त्याच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं.

आणि आई म्हणाली, "उकर, झुमाना."

हळूच म्हणाली, पण ऐकू गेलं. हशा दुप्पट झाला. एक बाई टाळी देत म्हणाली, "वा, तेनिन! कुलिबालीला पुरून उरलीस!" आईनं चारचौघांत केलेला हा पहिला विनोद. मीही हसले.

झुमानानं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. मग उठला, अंगावरची माती झटकली, आणि बाजूला जाऊन उभा राहिला. पोतं मागितलंच नाही. गडी थट्टा अर्ध्यावर सोडतोय हे मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं.

दुआ झाली. बाया रांगेनं आईच्या हातांना हात लावून माफी मागून गेल्या. ती प्रत्येकीला म्हणत होती, "तुमचं काही चुकलं नाही." किती मोठं मन.

३ नोव्हेंबर
झुमाना येतो, काम करतो, जातो. आज मला "सितानताई" म्हणाला. "तुम्ही" म्हणाला. मी म्हटलं, "गुलामा, ताप आलाय का?" तो हसला नाही.

"आईंशी बोललात का तुम्ही कधी?" त्यानं विचारलं.

"कशाबद्दल?"

"असंच." आणि मोटरसायकलला लाथ मारून गेला.

दमलाय बिचारा. प्रचारानं माणसं अशी होतात. पण तो मला अहोजाहो करतो तेव्हा घरातलं कुणी गेल्यासारखं वाटतं.

२० नोव्हेंबर
निवडून आले. मोठ्या फरकानं. सगळे म्हणतात, शुक्रवारच्या त्या दुआनं निकाल लागला. ढोल वाजले, बाया नाचल्या. झुमाना लांब भिंतीला टेकून उभा होता.

आईला मिठी मारली. म्हणाले, "आई, छप्पर घालायचं आता प्रसूतिगृहाला." तिनं माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, "तू भुकेली कधी राहिली नाहीस ना, सितान? तू पोटात होतीस तेव्हा घरात बाजरी होती."

म्हाताऱ्या माणसाचं मन कुठून कुठं जातं.

२३ नोव्हेंबर
आई घरात नाही.

पहाटेच्या, दक्षिणेकडे जाणाऱ्या गाडीनं गेली. थांब्यावरच्या माणसानं पाहिलं. त्याला वाटलं, लेक नगराध्यक्ष झाली, आता म्हातारी फिरायला निघाली. कोरोतुमुनं पेटी उघडून बघितली. "तुझं ते पुस्तक नेलंय. एक अक्षर वाचता येत नाही तिला! आणि ठेवणीतलं पांढरं कापड फाडून नेलंय. एवढंसंच. मोठ्या माणसाला पुरेल एवढंही नाही."

डोक्याला बांधायला नेलं असेल. धूळ असते त्या रस्त्याला.

दक्षिणेला सिकासोत राहणाऱ्या मावशीला फोन केला, तिथं ती पोचलेली नाही. झुमानाला सांगितलं. तो जिथं उभा होता तिथंच खाली बसला. म्हणाला, "मी आडवा पडलो होतो ना त्याच्यावर. अंगाला कळतं, ताई." मी काय कळतं ते विचारलं नाही. का विचारलं नाही, हे इथंही लिहवत नाही.

२५ नोव्हेंबर
आज पदाची शपथ. तिरंगी पट्टा खांद्यावरून घालत असताना फोन वाजला. सरहद्दीपलीकडून, कुठल्याशा गाडीचा कंडक्टर.

"नगराध्यक्षबाई ना? आजीबाईंनी नंबर दिला. तीन गाड्या बदलून आल्यात. प्रत्येक थांब्यावर उतरून सानिबुगूचा रस्ता विचारतात. बाई, मी वीस वर्षं या रस्त्यावर आहे, असलं गाव नाही इकडे. कुठं सोडू त्यांना?"

"त्यांच्याकडे द्या फोन."

वारा ऐकू येत होता, कोंबड्या, कुणीतरी पाण्याच्या पिशव्या विकत होतं.

"आई, परत ये. ते गाव नाही. मी बनवलंय ते. खोलीत बसून दोन शब्द जोडले आणि नाव ठेवलं."

"कपसुद्धा तू बनवलेलाच म्हणाली होतीस," आई म्हणाली.

खांद्यावरचा पट्टा घसरला, मी तो वर ओढला.

"डांबरी रस्ता संपलाय, सितान. इथून लाल माती आहे. तू म्हणाली होतीस तशीच. नदी अजून लागली नाही. अलीकडेच ना?"

समोर टेबलाभोवती सगळे थांबले होते. हाजी, इमामसाहेब, पेन धरून कारकून. मी म्हणाले, "आई..." आणि तिनं फोन परत दिला असावा, कारण कंडक्टर म्हणत होता, हॅलो, हॅलो, उतरल्या त्या, चालत निघाल्या, बाई, हॅलो.

मी सही केली.

२ डिसेंबर
झुमाना सरहद्दीपलीकडे जाऊन आला. लाल मातीचे रस्ते तिथं दहा आहेत. नद्याही. पुन्हा जातो म्हणाला. मला एकदाही चवळीखाऊ म्हणाला नाही.

९ डिसेंबर
वाळवंटाकडचा कोरडा वारा सुटलाय. प्रसूतिगृहाच्या छपराच्या कागदावर सही करून कचेरीतून लवकर निघाले आणि पाय थांब्याकडे वळले. कडुनिंबाखाली चुलीचे तीन दगड तसेच आहेत, काळे, आत पाचोळा भरलेला. कुणी ती जागा घेतलेली नाही. तिथून काय दिसतं ते मी कधी बसून पाहिलं नव्हतं. गाडीचं दार दिसतं. नेमकं दार, आणि पायरीवर टेकणारं प्रत्येक पाऊल.

चारची गाडी आली. लोक म्हणाले, नगराध्यक्षबाई, इथं धुळीत काय बसलाय, उठा. मी उतरणाऱ्या बायांकडे बघत होते. तरुण नाही. पन्नाशीच्या आसपासच्या. पिवळं फडकं बांधलेली एक होती, ती दुसऱ्या कुणाची तरी निघाली. मग दार बंद झालं.

उद्या कचेरीतून जरा आधीच निघायला हवं. तेल तापायला वेळ लागतो.